परसातील चित्रशाळा

मुलांनो, खेड्यातील जुनी घरे तुम्ही पाहिली असतील. पुढे अंगण, मग ओटी, माजघर, स्वयंपाकघर आणि सर्वांच्या मागे परसू, अशी त्यांची रचना असते. परसात एखादी विहीर, केळीची चार झाडे, अळवाचा वाफा आणि एका कडेला गुरांचा गोठा असावयाचा, हे ठरलेलेच. ज्या काळी घरोघरी दूधदुभते होते आणि शेतीची सारी कामे बैलांच्या बळावर चालत, त्या काळी गोठा हा घराइतकाच महत्त्वाचा मानला जाई. आता पुष्कळ ठिकाणी नांगरणी ट्रॅक्टरने होते आणि दूध पिशवीतून येते. गोठे मात्र जागच्या जागी उभे आहेत. रिकामी जागा फार दिवस रिकामी राहत नाही. मोडकी खाट, फुटका रांजण, गंजलेले पत्रे असे जे जे घरात नकोसे होते, ते ते तेथे जाऊन पडते आणि विंचूकाट्याला आयताच आसरा मिळतो.

आता याच घरातील दुसरी एक गोष्ट पाहा. घरात लहान मूल असले की त्याच्या हाती कोळसा लागतो, खडू लागतो, नाही तर विटेचा तुकडा लागतो. आणि तो लागला की भिंतीवर रेघा उमटतात. मग वडीलमाणसे रागावतात, भिंत पुसली जाते, कोळसा दूर फेकला जातो. वडिलांचे म्हणणे खोटे नसते. घराच्या भिंती स्वच्छ असाव्यात हे कोणीही मान्य करील. परंतु मुलाचा हातही काही वावगे करीत नसतो. एकाच परसात एक जागा निरुपयोगी पडून आहे आणि एका हाताला जागा मिळत नाही. या दोहोंची गाठ घालून दिली तर काय होईल, याचा विचार आपण या पाठात करावयाचा आहे.

चित्र काढण्याची ओढ मनुष्याला फार प्राचीन काळापासून आहे. मध्य प्रदेशात भोपाळच्या दक्षिणेस भीमबेटका नावाचे स्थान आहे. तेथील खडकांच्या पोकळ्यांत आदिमानव राहत असे. १९५७ साली पुरातत्त्वज्ञ डॉ. विष्णु श्रीधर वाकणकर यांनी तेथील चित्रे अभ्यासकांच्या नजरेस आणली. धावणारी हरणे, रानगवे, शिकारी आणि नाचणारी माणसे त्या खडकांवर गेरूने आणि पांढऱ्या रंगाने रेखाटलेली आहेत. त्यांतील काही चित्रे हजारो वर्षांपूर्वीची आहेत. २००३ साली युनेस्को या जागतिक संघटनेने या स्थानाचा जागतिक वारशात समावेश केला. ज्याला घर बांधता येत नव्हते, त्यालाही चित्र काढावेसे वाटले, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

असे असूनही लहान मुलांच्या चित्रांकडे मोठ्यांनी आदराने पाहावे, ही कल्पना मात्र अलीकडची आहे. ऑस्ट्रिया देशाच्या व्हिएन्ना नगरीत फ्रांझ चिझेक नावाचे चित्रकार होते. विद्यार्थिदशेत ते एका सुताराच्या घरी राहत. त्यांना रंगवताना पाहून त्या घरातील मुलेही रंग मागू लागली. मुलांनी आपापल्या मनाने काढलेली चित्रे पाहून चिझेक थक्क झाले. पुढे १८९७ साली त्यांनी व्हिएन्नात मुलांसाठी चित्रवर्ग उघडला. त्या वर्गात मोठ्यांच्या चित्रांवरून नक्कल करण्याची सक्ती नव्हती. मुलांना साहित्य द्यावे, जागा द्यावी आणि त्यांना त्यांच्या गतीने वाढू द्यावे, हे चिझेकांचे सूत्र होते. त्यांच्या या विचाराचा पुढे अनेक देशांतील शाळांवर परिणाम झाला.

आपल्या महाराष्ट्रातही असे कार्य घडले. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे खेड्यातील मुलांसाठी बालशिक्षणाचे काम सुरू केले आणि पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. या कामी अनुताई वाघ यांची त्यांना अखेरपर्यंत साथ लाभली. परदेशातून आणलेली महागडी साधने गरीब खेड्याला कोठून परवडणार? म्हणून शंख, शिंपले, बिया, पाने, माती अशा परिसरात सहज मिळणाऱ्या वस्तूंनाच त्यांनी शिक्षणाची साधने केले. ज्याला परसातील गोठ्याची चित्रशाळा करावयाची आहे, त्याने हा धडा प्रथम गिरवावा. बाजारातून काय आणू, असे विचारण्यापूर्वी आपल्याजवळ काय आहे, ते पाहावे.

सह्याद्रीच्या पूर्वेस, जेथे पाऊस बेताचा पडतो अशा मुलखातील एका कुटुंबाने ही गोष्ट कशी केली, ती ऐका. या घरात आजी, तिचे दोन मुलगे, त्यांच्या बायका आणि पाच नातवंडे अशी माणसे होती. एका दुष्काळाच्या वर्षी चारा मिळेना, तेव्हा गोठ्यातील शेवटची गाय विकावी लागली आणि गोठा ओस पडला. पुढे खतांच्या एका दुकानदाराने तो पोती ठेवण्यासाठी भाड्याने मागितला. थोरल्या काकांना हा विचार पसंत पडला. दुष्काळाने पोळलेल्या घरात दरमहा चार पैसे येणे ही लहान गोष्ट नव्हती. त्याच वेळी घरातील सातवीत शिकणारी मुलगी काकांना म्हणाली, "काका, गोठा आम्हाला द्या ना. आम्ही तिथं चित्रं काढू, मातीकाम करू. घरात कुठंही बसलं तरी कोणी तरी उठवतंच."

काका हसले. पण आजी हसली नाही. ती म्हणाली, "अरे, भाडं काय, पुढच्या सालीही येईल. पोरांचं हे वय पुढच्या साली येणार आहे का?" काका क्षणभर थांबले आणि म्हणाले, "बरं आई, तू म्हणतेस तसं." आजीने मुलांना मात्र एक अट घातली. "गव्हाण मोडायची नाही," ती म्हणाली. "बाकी काय करायचं ते करा."

कामाला आरंभ झाला तो साफसफाईपासून. हे काम मुलांनी एकट्याने करावयाचे नसते. अडगळ हलविताना विंचू, साप निघण्याचा संभव असतो. म्हणून मोठ्या माणसांनी लांब काठीने एकेक वस्तू आधी हलविली आणि मगच ती उचलली. सर्वांनी पायांत बूट घातले होते. गोठ्याच्या मातीत व शेणात धनुर्वाताचे जंतू असू शकतात आणि गंजका खिळा पायात शिरला तर ते जखमेतून शरीरात जातात. म्हणून धनुर्वाताची लस सर्वांनी घेतली आहे, याची खात्री मुलांच्या आईने आधीच करून घेतली. जमिनीचा वरचा थर खणून बाहेर काढण्यात आला. ते मुरलेले खत केळीच्या बुंध्याशी गेले. गोठ्यात नवा मुरूम पसरला, पाणी शिंपडले आणि धुमसाने चोपून जमीन सपाट केली.

मग छपराकडे पाहिले. या गोठ्याचे छप्पर कौलारू होते, हे सुदैव. काही गोठ्यांवर सिमेंटचे जुने पत्रे असतात व त्यांत ॲस्बेस्टॉस नावाचे तंतुमय खनिज असते. असा पत्रा फोडला, कापला, घासला किंवा त्याला भोक पाडले तर त्याचे अतिसूक्ष्म तंतू हवेत उडतात आणि श्वासाबरोबर फुप्फुसात जाऊन पुढे गंभीर रोग उत्पन्न करतात. तुमच्या परसात असे पत्रे असतील तर त्यांना हात लावू नये. जाणत्या माणसाचा सल्ला घ्यावा. आपल्या या गोठ्याची फुटकी कौले काढून नवी बसविली आणि त्यांच्या ओळीत तीन काचेची कौले घातली. एवढ्यानेच आत इतका उजेड झाला की, आजी म्हणाली, "या जागेत इतकं ऊन मी कधी पाहिलं नव्हतं."

चित्रकाराला प्रकाश हवा असतो, पण तो स्थिर हवा असतो. ऊन सरळ कागदावर पडले तर डोळे दिपतात आणि रंग खरा दिसत नाही. म्हणूनच चित्रकार आपल्या खोलीची मोठी खिडकी उत्तरेस ठेवणे पसंत करतात. आपल्या देशात वर्षाचा बराच काळ सूर्य दक्षिणेकडून जातो, त्यामुळे उत्तरेच्या खिडकीतून ऊन न येता केवळ आकाशाचा मंद प्रकाश येतो. उन्हाळ्यात आणि पावसाळ्याच्या आरंभी सूर्य उत्तरेकडे झुकलेला असतो. तेव्हा सकाळ-संध्याकाळ काही तिरपे किरण आत येतात, पण बाहेर एक झाप बांधला की तेवढे भागते. या घराने उत्तरेच्या भिंतीत एक खिडकी पाडली. बसण्याची व्यवस्था अशी केली की, उजव्या हाताने काम करणाऱ्याला प्रकाश डावीकडून मिळावा आणि डावखुऱ्याला उजवीकडून. असे केले म्हणजे आपल्याच हाताची सावली आपल्या चित्रावर पडत नाही.

भिंतींना चुना द्यावयाचा ठरला. चुन्याची गोष्ट मोठी मनोरंजक आहे. चुनखडी भट्टीत भाजली की कळीचा चुना मिळतो. या चुन्यावर पाणी पडताच तो फसफसतो आणि इतका तापतो की पाण्याला उकळी फुटते. त्याला चुना विरणे म्हणतात. विरलेला चुना भिंतीला लावला म्हणजे तो हवेतील कार्बन डायऑक्साइड वायू हळूहळू शोषून घेतो आणि काही दिवसांनी पुन्हा चुनखडीसारखा घट्ट होतो. दगडाची भुकटी होते आणि भुकटीचा पुन्हा दगड होतो! चुन्यामुळे भिंतीवर बुरशी सहसा धरत नाही आणि पांढरा रंग खोलीतील प्रकाश वाढवितो. परंतु चुना फार दाहक असतो. तो विरण्याचे काम मोठ्यांनीच करावे. डोळ्यांत उडाला तर चोळू नये. स्वच्छ पाण्याने बराच वेळ डोळा धुवावा आणि लगेच डॉक्टरांकडे जावे. या घरी काकांनी स्वतः चुना विरला, गाळला, त्यात थोडा डिंक आणि किंचित नीळ मिसळली, भिंती झाडून ओल्या केल्या आणि एकावर एक असे दोन हात दिले.

जमिनीपासून कमरेइतकी भिंत मात्र पांढरी केली नाही. ती माती व शेणाने लिंपून गेरूने सारविली. ही कल्पना त्यांना वारली लोकांच्या घरांवरून सुचली. पालघर, ठाणे, नाशिक या भागांत राहणारे वारली लोक गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चित्रे काढतात. बांबूची काडी टोकाशी चावून तिचाच कुंचला करतात. त्रिकोण, वर्तुळ आणि रेघ एवढ्या आकारांतून माणसे, झाडे, गुरे आणि अवघे गाव उभे राहते. लग्नप्रसंगी चौक लिहिण्याचे हे काम पूर्वी स्त्रियाच करीत. जिव्या सोमा मशे यांनी ही कला नित्याच्या कामाप्रमाणे चालविली आणि जगभर नेली. २०११ साली त्यांना पद्मश्री हा सन्मान मिळाला. गेरूची भिंत मुलांच्या हाताच्या उंचीवर आली, त्यामुळे घरातील सर्वांत धाकट्यालाही आपल्या हक्काची भिंत मिळाली. दर दिवाळीला ती पुन्हा सारवावी आणि नवी चित्रे काढावीत, असे ठरले.

आता गोठ्यातील जुन्या वस्तूंचे काय झाले, ते पाहा. आजीने राखावयास सांगितलेली गव्हाण माती भिजविण्याचे कुंड झाली. कुंभाराकडून आणलेली माती खडे वेचून तीत भिजत घालायची, ओल्या गोणपाटाने झाकायची आणि मळून तिची चित्रे, भांडी, बैल करायचे. दावे बांधण्याच्या खुंट्यांवर दप्तरे आणि जुने सदरे टांगले; काम करताना अंगावरचे कपडे खराब होऊ नयेत म्हणून ते घालावयाचे. एका खुंटीपासून दुसरीपर्यंत दोरी ताणली आणि ओली चित्रे चिमट्यांनी तिच्यावर वाळत घातली. माळ्यावरचे जुने दार विटांच्या ओट्यांवर ठेवले आणि त्याचे बसक्या उंचीचे लांब मेज तयार झाले.

रंगही घरीच केले. तांबड्यासाठी गेरू, पिवळ्यासाठी पिवडी, काळ्यासाठी दिव्याची काजळी, पांढऱ्यासाठी खडूची भुकटी आणि निळ्यासाठी नीळ घेतली. बारीक वाटलेली पूड वस्त्रगाळ करून भिजविलेल्या बाभळीच्या डिंकात कालवली की कागदाला धरून राहणारा रंग होतो. अजिंठ्याच्या चित्रकारांनीही गेरू, पिवडी, काजळी असेच रंग वापरले होते. खडकावर मातीत भाताचा तूस आणि वनस्पतींचे तंतू मिसळून केलेला गिलावा, त्यावर चुन्याचा पातळ हात आणि त्यावर चित्र, अशी त्यांची रीत होती. मुलांनी हळदही वापरून पाहिली. तिचा रंग सुंदर आला, पण उन्हात ठेवलेले चित्र काही दिवसांत फिके पडले. हळदीत चुन्याचे पाणी पडताच ती लाल झाली, हे पाहून मात्र सर्वांना मोठी मौज वाटली. आजी म्हणाली, "अरे, कुंकू असंच तर करतात!"

अशा रीतीने चित्रशाळा सिद्ध झाली आणि रोज सायंकाळी तेथे मुलांची गर्दी होऊ लागली. एके दिवशी काका सहज आत आले. सहा वर्षांचा धाकटा पुतण्या गेरूच्या भिंतीवर गाय काढीत होता. गाईचे पोट त्याने फार मोठे काढले होते आणि त्या पोटात एक छोटे वासरू उभे होते. काका म्हणाले, "अरे, वासरू बाहेर दिसतं. पोटातलं कसं दिसेल?" असे म्हणून त्यांनी ओल्या फडक्याने वासरू पुसले आणि गाईचे पोटही चांगले रेखीव करून दिले. चित्र पूर्वीपेक्षा नीटस दिसू लागले. मुलगा काही बोलला नाही. त्याने काडी खाली ठेवली आणि तो निघून गेला. दुसऱ्या दिवशी तो आला नाही. तिसऱ्या दिवशीही आला नाही.

आजीने काकांना जवळ बोलाविले. ती म्हणाली, "बाबा, आपण गाय विकली तेव्हा ती गाभण होती. आपण सगळे ते विसरलो. त्याच्या ध्यानात आहे." काका पुष्कळ वेळ काही बोलले नाहीत. त्या संध्याकाळी त्यांनी चित्रशाळेच्या दारावर ठळक अक्षरांत लिहिले : 'येथे कोणीही दुसऱ्याच्या चित्रावर हात चालवू नये.' मग पुतण्याला कडेवर घेऊन त्यांनी ते वाचून दाखविले आणि म्हणाले, "हा नियम आधी मला लागू आहे बरं का." आठ दिवसांनी मुलाने पुन्हा काडी हाती घेतली. त्याने पुन्हा गाय काढली. वासरू या खेपेसही पोटातच होते.

मुलांनो, लहान मूल जे डोळ्यांना दिसते तेवढेच काढीत नाही. त्याला जे ठाऊक असते ते काढते. म्हणून त्याच्या चित्रातील घराच्या भिंतीआडची माणसे दिसतात, पाण्यातील मासे दिसतात आणि गाईच्या पोटातील वासरूही दिसते. ही चूक नव्हे. ती त्या वयाची भाषा आहे. ती भाषा पुसून टाकली तर चित्र सुधारल्यासारखे दिसते, पण सांगणारा गप्प बसतो.

तुमचे वय मात्र आता निराळे आहे. अकरा ते तेरा या वयात डोळा चिकित्सक होतो, आणि हात मात्र तेवढा तयार झालेला नसतो. आपले चित्र आपल्यालाच आवडेनासे होते आणि 'मला चित्र येत नाही' असे म्हणून पुष्कळ मुले कुंचला कायमचा खाली ठेवतात. हे वळण ओळखा. या वयात पाने, भांडी, हातपाय, झाडे निरखून रोज थोडे रेखाटन करावे. हात हळूहळू डोळ्याच्या बरोबरीला येतो. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षांना बसल्यास या अभ्यासाला चांगले वळण मिळते. पण परीक्षा हे साधन आहे. चित्रकार होवो अथवा न होवो, ज्याला निरखून पाहण्याची सवय लागली, तो शेतकरी, वैद्य, सुतार किंवा अभियंता झाला तरी ती त्याच्या उपयोगी पडते.

तुमच्यापैकी पुष्कळ जण शहरात राहतात आणि त्यांच्या घराला परसू नाही, हे खरे. तरी जिन्याखालची जागा, गच्चीवरील खोली, चाळीच्या सज्जाचे टोक, शाळेतील अडगळीची खोली, यांपैकी काही तरी सापडतेच. ती जागा वडीलमाणसांच्या संमतीने मागून घ्या, त्यांच्या मदतीने स्वच्छ करा, तेथे उजेड आणा. आणि तेथे तुमच्याहून लहान कोणी चित्र काढू लागले, तर फडके हाती घेण्याआधी त्याला एवढेच विचारा, "हे काय काढलं आहेस, मला सांगतोस का?"

स्वाध्याय

१. गोठा भाड्याने देण्याविषयी काकांचे आणि आजीचे मत काय होते? दोघांच्या म्हणण्यातील योग्य भाग तुमच्या शब्दांत लिहा.
२. चित्रशाळेची खिडकी उत्तरेस का असावी? तुमच्या वर्गातील प्रकाश कोणत्या बाजूने येतो ते पाहून लिहा.
३. चुनखडीपासून पुन्हा चुनखडीपर्यंतचा चुन्याचा प्रवास क्रमाने सांगा.
४. 'चित्र सुधारल्यासारखे दिसते, पण सांगणारा गप्प बसतो,' या वाक्याचा अर्थ प्रसंगाच्या आधारे स्पष्ट करा.
५. गव्हाण, दावे, धुमस, झाप, सारवणे या शब्दांचा आपापल्या वाक्यांत उपयोग करा.
६. तुमच्या घरात किंवा शाळेत पडून असलेल्या एका जागेचे वर्णन करा आणि तिचा चांगला उपयोग कसा करता येईल, ते वीस ओळींत लिहा.